डाउनहिल सायकलची फ्रेम

डाउनहिल सायकलची फ्रेम म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्याच्या शर्यतींसाठी तयार केलेल्या माउंटन बाइकचा मुख्य सांगाडा होय. चाके, फोर्क, शॉक, पेडल आणि हँडल हे सर्व भाग या सांगाड्याला जोडलेले असतात. उड्या, खडक, झाडांची मुळे आणि ब्रेक यांमुळे निर्माण होणारा भार अखेरीस त्यालाच पेलावा लागतो. रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलीत हलकेपणा हा फ्रेमचा मोठा गुण मानला जातो. डाउनहिल सायकलीत मात्र वजन, ताठरपणा आणि टिकाऊपणा या तिन्हींचा मेळ घालावा लागतो, कारण ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने उतरत असताना फ्रेम तुटल्यास स्वाराला गंभीर दुखापत होऊ शकते. म्हणून फ्रेमचे एकूण वजन किती, यापेक्षा ते वजन कोठे खर्च केले आहे आणि निकामी होण्यापूर्वी फ्रेम काही इशारा देते की नाही, हे प्रश्न या रचनेत अधिक महत्त्वाचे ठरतात.

## शर्यतीचे स्वरूप आणि फ्रेमवरील भार

डाउनहिल शर्यतीत स्पर्धक एकेक करून डोंगरावरून खाली सोडले जातात आणि सर्वांत कमी वेळ घेणारा विजयी ठरतो. आंतरराष्ट्रीय दर्जाचा मार्ग साधारणतः २ ते ३ किलोमीटर लांबीचा असतो आणि तो उतरण्यास ३ ते ५ मिनिटे लागतात. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम येथील प्रसिद्ध मार्ग सुमारे २.८ किलोमीटर लांब असून तेवढ्या अंतरात तो सुमारे ५५० मीटर खाली येतो. अशा मार्गावर सलग खडक, मोठ्या उड्या आणि तीव्र वळणे असतात.

स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन १०० किलोग्रॅम धरल्यास २ मीटर उंचीवरून खाली येताना जमिनीवर टेकण्याच्या क्षणी सुमारे २,००० ज्यूल ऊर्जा शोषून घ्यावी लागते. उडीचा उतरण्याचा भाग तिरपा असेल तर यातील बराच भाग पुढे जाण्याच्या गतीत टिकून राहतो. सपाट जागी उतरल्यास मात्र तो टायर, सस्पेन्शन, फ्रेम आणि स्वाराचे हातपाय यांवर येतो.

फ्रेमवर येणारे भार मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

* वाक : पुढचे चाक खडकावर आदळले किंवा पुढचा ब्रेक जोरात दाबला की फोर्क मागे ढकलला जातो. डाउनहिल सायकलीचा फोर्क अर्ध्या मीटरहून लांब असल्याने तो पहारेसारखे काम करतो. परिणामी, फोर्क जिथे बसतो ती हेड ट्यूब आणि तिला जोडणाऱ्या दोन नळ्या यांवर फार मोठा वाक येतो.
* पीळ : वळणावर सायकल एका बाजूला झुकलेली असताना चाके आणि स्वाराचे पाय फ्रेमला विरुद्ध दिशांनी पिळतात.
* शॉकच्या आधारांवरील दाब : मागचे चाक २०० मिलिमीटर वर जाते, तेव्हा शॉक साधारण ७५ मिलिमीटर दाबला जातो. म्हणजे चाकाच्या हालचालीचे शॉकच्या हालचालीशी असलेले प्रमाण सुमारे २.७ होते. तरफेच्या नियमानुसार चाकावर ३,००० न्यूटन बल आले, तर शॉकच्या आधारावर सुमारे ८,००० न्यूटन बल येते. साध्या सायकलीच्या फ्रेममध्ये या भाराला समांतर असे काहीच नसते.

## रचना

### पुढचा भाग

फ्रेमच्या पुढच्या भागात हेड ट्यूब, वरची नळी, खालची नळी आणि बैठकीची नळी यांचा समावेश होतो. खालची नळी सर्वांत जाड असते. ती हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटपर्यंत, म्हणजे पेडलचा आस ज्या कवचात फिरतो तिथपर्यंत, जाते आणि वाक व पीळ यांचा मोठा वाटा उचलते.

हेड ट्यूब आणि खालची नळी यांच्या सांध्याला पूर्वी बाहेरून त्रिकोणी पट्टी वेल्ड करून आधार दिला जात असे. या पट्टीने सांधा बळकट होतो, परंतु पट्टी जिथे संपते तिथे ताण एकवटतो आणि तडा नेमका तेथूनच सुरू होऊ शकतो. म्हणून पट्टीचे टोक निमुळते ठेवण्याची किंवा नळीलाच योग्य आकार देऊन पट्टी टाळण्याची पद्धत रूढ झाली.

डाउनहिल सायकलीचा फोर्क हेड ट्यूबच्या वर आणि खाली अशा दोन ठिकाणी पट्ट्यांनी धरलेला असतो. पडल्यावर हँडल पूर्ण फिरले तर फोर्कचे पाय खालच्या नळीवर आपटतात. हा आघात झेलण्यासाठी तेथे रबरी गुटके बसवले जातात. पातळ नळीच्या फ्रेममध्ये हे गुटके नसणे किंवा चुकीच्या जागी असणे धोक्याचे असते.

### मागचा भाग आणि बिजागऱ्या

मागचे चाक धरणारा भाग पुढच्या भागाला बिजागऱ्यांनी जोडलेला असतो. या जोडणीचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

* एक बिजागरी : मागचा भाग एकाच आसाभोवती फिरतो. भाग कमी असल्याने ही रचना सोपी असते आणि तिची निगा राखणेही सोपे जाते. पण बाजूचा सगळा भार एकाच आसावर येतो, म्हणून तो आस रुंद व मजबूत लागतो. ब्रिटनमधील हॅलिफॅक्स येथील ऑरेंज या उत्पादकाने अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे दुमडून व वेल्ड करून बनवलेल्या अशा फ्रेमसाठी नाव मिळवले.
* चार दांड्यांची रचना : चार भाग चार बिजागऱ्यांनी जोडलेले असतात. चाकाच्या आसापुढे, खालच्या दांडीवर बिजागरी ठेवण्याची पद्धत ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते होर्स्ट लाइटनर यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रेक लावल्यावरही सस्पेन्शन मोकळेपणाने काम करावे, हा तिचा हेतू आहे.
* दोन लहान दुव्यांची रचना : मागचा त्रिकोण अखंड असतो आणि तो दोन आखूड दुव्यांनी पुढच्या भागाला जोडला जातो. सांता क्रूझ या अमेरिकी उत्पादकाची व्ही-१० ही सायकल या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे.
* उंच बिजागरी : मुख्य बिजागरी बरीच वर असल्याने खडकावर आदळलेले चाक वर जाताना थोडे मागेही सरकते आणि धक्का कमी होतो. मात्र यामुळे साखळी ताणली जाते. ती एका जादा दातेरी चाकावरून फिरवावी लागते, म्हणून वजन आणि घर्षण दोन्ही थोडे वाढतात. अँडोरातील कोमेन्साल या उत्पादकाने २०१५ मध्ये आणलेल्या सुप्रीम सायकलीनंतर हा प्रकार शर्यतींत पुन्हा लोकप्रिय झाला.

प्रत्येक बिजागरीत बेअरिंग, आस आणि त्यांचे आधार येतात. बिजागऱ्या वाढवल्या की चाकाची हालचाल अधिक नेमकी ठरवता येते, परंतु वजन वाढते आणि झीज होणाऱ्या जागाही वाढतात.

### भूमिती

२००० च्या दशकात हेड ट्यूबचा जमिनीशी असलेला कोन साधारणतः ६५ ते ६७ अंश असे. पुढे तो ६२ ते ६३ अंशांपर्यंत खाली आला आणि दोन चाकांच्या आसांमधील अंतर १,२५० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक झाले. तिरपा फोर्क आणि लांब सायकल यांमुळे तीव्र उतारावर स्वार हँडलवरून पुढे फेकला जाण्याचा धोका कमी होतो. त्याची किंमत फ्रेमला मोजावी लागते. नळ्या लांब होतात आणि तेवढाच ताठरपणा राखण्यासाठी त्यांचा व्यास किंवा जाडी वाढवावी लागते. आधुनिक फ्रेमचे वजन अपेक्षेइतके न घटण्यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

## इतिहास

### प्रारंभ

आधुनिक डाउनहिल शर्यतीचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मॅरिन परगण्यात झाला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरी रस्त्यावर 'रीपॅक' नावाची शर्यत भरवण्यात आली. हा रस्ता सुमारे ३ किलोमीटर अंतरात सुमारे ४०० मीटर उतरतो. स्पर्धकांच्या सायकली १९३० आणि १९४० च्या दशकांतील जड, रुंद टायरच्या पोलादी सायकली होत्या. उतरताना मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. शर्यतीच्या नावाचा उगम यातच आहे.

या जुन्या फ्रेम शर्यतीच्या आघातांनी वाकत आणि तुटत. शर्यतीतील एक स्पर्धक जो ब्रीझ यांनी १९७७ साली क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांपासून खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. खास माउंटन बाइकसाठी घडवलेल्या पहिल्या फ्रेमपैकी ती एक मानली जाते. टिकाऊपणाची गरज हीच या सायकलीच्या जन्मामागची प्रेरणा होती, हे यावरून दिसते.

### सस्पेन्शनचा काळ

१९८५ पासून कॅलिफोर्नियातील मॅमथ पर्वतावर 'कामिकाझे' ही अतिवेगवान शर्यत होऊ लागली. १९९० साली अमेरिकेतील दुरँगो येथे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची पहिली अधिकृत माउंटन बाइक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तीत डाउनहिल प्रकारात पुरुषांमध्ये ग्रेग हर्बोल्ड आणि महिलांमध्ये सिंडी डिव्हाइन विजयी झाले. याच सुमारास रॉकशॉक्स कंपनीचा सस्पेन्शन फोर्क बाजारात आला. १९९३ मध्ये डाउनहिलची विश्वचषक मालिका सुरू झाली.

सस्पेन्शनमुळे वेग वाढला आणि वेगाबरोबर फ्रेमवरील भारही वाढला. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील इंटेन्स आणि फोज यांसारख्या लहान उत्पादकांनी अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जोडून पेटीसारखे पोकळ व अखंड सांगाडे तयार केले. चाकाची हालचाल १५० मिलिमीटरवरून २०० आणि काही सायकलींत २५० मिलिमीटरपर्यंत गेली. व्ही-१० या नावातील १० हा आकडा मागच्या चाकाच्या १० इंच हालचालीचा निदर्शक होता. या काळात पूर्ण सायकलीचे वजन २० किलोग्रॅम असणे ही सामान्य बाब होती. तुटण्याच्या भीतीवर जास्त धातू हाच उपाय समजला जाई.

### हलकेपणाकडे वाटचाल

होंडा कंपनीने २००४ ते २००७ या काळात आरएन०१ ही सायकल विश्वचषकात उतरवली. तिची गिअर यंत्रणा मागच्या चाकाऐवजी फ्रेमच्या मध्यभागी बंद पेटीत होती. त्यामुळे मागच्या चाकाबरोबर वरखाली होणारे वजन घटले. दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनार यांनी या सायकलीवर २००५ चा विश्वचषक जिंकला. ही सायकल कधीही विक्रीस आली नाही. वजन कमी करण्याइतकेच ते योग्य जागी नेणेही उपयोगी ठरते, हे मात्र तिने दाखवून दिले.

२०१० च्या सुमारास कार्बन तंतूंच्या डाउनहिल फ्रेम शर्यतीत आल्या. तोवर कार्बन हा नाजूक पदार्थ समजला जात असे. सांता क्रूझसारख्या उत्पादकांच्या कार्बन फ्रेम सर्वांत खडतर मार्गांवर टिकल्याने हा समज मागे पडला आणि शर्यतीच्या सायकलीचे वजन १५ ते १६ किलोग्रॅमपर्यंत खाली आले.

### मोठी चाके आणि नव्या पद्धती

२०१७ साली ग्रेग मिनार यांनी फोर्ट विल्यम येथील विश्वचषक फेरी २९ इंची चाकांच्या सायकलीवर जिंकली. त्यानंतर ही चाके झपाट्याने रूढ झाली. पुढे २९ इंची आणि मागे २७.५ इंची अशी मिश्र चाके वापरण्यास २०१९ पासून परवानगी मिळाली. मोठ्या चाकांना जागा देण्यासाठी मागच्या भागाच्या दांड्या लांब कराव्या लागल्या.

वेल्समधील अ‍ॅथर्टन बाइक्स या उत्पादकाने २०१९ पासून निराळा मार्ग स्वीकारला. सांध्यांचे तुकडे टायटॅनियमच्या भुकटीपासून लेसरच्या साहाय्याने थरावर थर चढवून तयार करायचे आणि त्यांत कार्बनच्या नळ्या चिकटवायच्या, अशी ही पद्धत आहे. भारतातील नेहमीच्या काळ्या रोडस्टर सायकलीतही नळ्या सांध्याच्या तुकड्यांत बसवून ब्रेझिंगने जोडलेल्या असतात. त्या जुन्या तत्त्वाचे हे नवे रूप म्हणता येईल. साच्याची गरज नसल्याने एकाच फ्रेमचे २२ आकार देणे या उत्पादकाला शक्य झाले. २०२३ साली फोर्ट विल्यम येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनचे चार्ली हॅटन याच उत्पादकाच्या सायकलीवर विजेते ठरले.

दुसरीकडे अ‍ॅल्युमिनियमही मागे पडले नाही. फ्रान्सचे आमोरी पिएरॉन यांनी २०१८ चा विश्वचषक कोमेन्सालच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमवर जिंकला. अमेरिकेचे स्पर्धक नेको मुलाली यांनी २०२२ मध्ये स्वतःच्या कल्पनेनुसार अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेम वेल्ड करून घेतल्या आणि त्या विश्वचषकात चालवल्या. साचा नसल्याने नव्या भूमितीची फ्रेम थोड्या आठवड्यांत बनवता येते, हा अशा फ्रेमचा मोठा फायदा आहे.

## फ्रेमसाठी वापरले जाणारे पदार्थ

पुढील तक्त्यात प्रमुख पदार्थांचे सर्वसाधारण गुणधर्म दिले आहेत. ताठरपणाचा अंक जितका मोठा, तितका तो पदार्थ भाराखाली कमी ताणला जातो.

| पदार्थ | घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी) | ताठरपणा (गिगापास्कल) | ताठरपणा भागिले घनता |
|---|---|---|---|
| पोलाद | ७.८५ | सुमारे २०५ | सुमारे २६ |
| अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू | २.७ | सुमारे ६९ | सुमारे २६ |
| टायटॅनियम मिश्रधातू | ४.५ | सुमारे ११० | सुमारे २४ |
| कार्बन तंतू व राळ | १.६ | सुमारे १३० (केवळ तंतूंच्या दिशेने) | सुमारे ८० |

शेवटच्या स्तंभावरून दिसते की वजनाच्या मानाने तिन्ही धातूंचा ताठरपणा जवळजवळ सारखाच आहे. मग अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम पोलादापेक्षा हलकी कशी होते? याचे उत्तर नळीच्या व्यासात आहे. पातळ नळीचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या आणि जाडीच्या प्रमाणात वाढतो. नळीचा व्यास दुप्पट व जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहते पण ताठरपणा चौपट होतो. अ‍ॅल्युमिनियम वजनाने हलके असल्याने मोठ्या व्यासाची नळी पुरेशा जाडीची ठेवता येते. पोलादात हाच प्रयोग केल्यास नळी इतकी पातळ होते की शीतपेयाच्या रिकाम्या डब्याप्रमाणे ती सहज चेपते. दगड उडून लागणाऱ्या खेळात ही मर्यादा निर्णायक ठरते.

पोलाद : पोलाद चिवट असते, ते दुरुस्त करणे सोपे जाते आणि तुटण्यापूर्वी ते बहुधा वाकते. वजनामुळे शर्यतीत ते दुर्मीळ झाले असले, तरी लहान कार्यशाळांमध्ये त्याचा वापर चालू आहे.

अ‍ॅल्युमिनियम : ६०६१ आणि ७००५ या क्रमांकांनी ओळखले जाणारे मिश्रधातू प्रामुख्याने वापरले जातात. वेल्डिंगच्या उष्णतेने ६०६१ मिश्रधातूचे सांध्याजवळचे बल निम्म्याच्या आसपास घटते. ते परत मिळवण्यासाठी पूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सियसपर्यंत तापवून एकदम थंड करतात आणि नंतर सुमारे १७५ अंशांवर काही तास ठेवतात. एकदम थंड करताना फ्रेम किंचित वाकडी होते, ती लगेच सरळ करून घ्यावी लागते. ७००५ मिश्रधातूला पहिल्या टप्प्याची गरज नसते. नळीच्या आत द्रवाचा प्रचंड दाब देऊन तिला साच्याचा आकार देण्याची पद्धत आता सर्रास वापरली जाते. तिच्यामुळे जिथे भार जास्त तिथे मोठा आकार आणि जिथे कमी तिथे लहान आकार देता येतो.

कार्बन तंतू : राळेत भिजवलेल्या तंतूंचे पातळ थर ठरावीक दिशांनी साच्यात रचले जातात. त्यांना आतून फुग्याने दाब देऊन उष्णतेने घट्ट केले जाते. नळीच्या लांबीच्या दिशेचे थर वाकाला आणि ४५ अंशांत ठेवलेले थर पिळाला विरोध करतात. अतिशय ताठ तंतू वजन वाचवतात पण ते ठिसूळ असतात. म्हणून डाउनहिल फ्रेममध्ये मध्यम ताठरपणाचे, अधिक बळकट तंतू वापरून थरांची संख्या वाढवली जाते. साचे महाग असल्याने प्रत्येक आकारासाठी मोठा खर्च येतो.

## वजनाचा प्रश्न

डाउनहिल शर्यतीत सायकलीला मुख्यतः गुरुत्वाकर्षण चालवते. २०१५ साली ऑस्ट्रियातील लिओगांग येथील विश्वचषक फेरीत अमेरिकेचे आरॉन ग्विन यांची साखळी प्रारंभीच तुटली, तरीही त्यांनी ती फेरी जिंकली. उतारावर होणारे त्वरण वजनावर अवलंबून नसते आणि हवेच्या विरोधावर मात करण्यास वजनाची किंचित मदतच होते. स्वार व सायकल मिळून सुमारे ९५ किलोग्रॅम धरले, तर फ्रेममधून वाचवलेले ५०० ग्रॅम हे एकूण वजनाच्या साधारण अर्धा टक्का ठरतात.

हलक्या सायकलीचे काही फायदे निश्चित आहेत. ती एका वळणातून दुसऱ्या वळणात लवकर झुकवता येते, उडीपूर्वी उचलणे सोपे जाते आणि दिवसभराच्या सरावात स्वाराचे हात कमी थकतात. मात्र सर्व भागांतील वजनाचा परिणाम सारखा नसतो. चाक, टायर, ब्रेक आणि मागच्या दांड्या सस्पेन्शनच्या खाली असतात आणि प्रत्येक खडकावर वरखाली होतात. त्यांचे वजन कमी असेल तर चाक जमिनीला चिकटून राहते. फ्रेमचा पुढचा भाग सस्पेन्शनच्या वर असतो. तिथले वजन, विशेषतः ते खाली बॉटम ब्रॅकेटजवळ असेल तर, सायकलीला स्थिर ठेवते. २०२० नंतरच्या हंगामांत काही आघाडीच्या स्पर्धकांनी याच जागी मुद्दाम जादा वजने बसवून पाहिली, त्यामागे हाच विचार होता.

आजच्या डाउनहिल शर्यतीच्या सायकलीचे पूर्ण वजन साधारणतः १५.५ ते १७.५ किलोग्रॅम असते. जाड आवरणाच्या एका टायरचे वजन १.२ ते १.४ किलोग्रॅम भरते. चाकाची कड वाचवण्यासाठी टायरमध्ये बसवलेला फोमचा पट्टाही काही वजन वाढवतो. फ्रेमला धोक्यात घालून वाचवलेले ग्रॅम अशा रीतीने दुसरीकडे सहज खर्ची पडतात.

स्वाराच्या वजनाचाही येथे विचार करावा लागतो. फ्रेम नेहमी सर्वांत जड स्वार गृहीत धरून तयार केली जाते. त्यामुळे ५५ ते ६० किलोग्रॅम वजनाच्या स्वाराच्या वाट्याला गरजेपेक्षा जड आणि ताठ फ्रेम येते. यात अनेक महिला व किशोरवयीन स्पर्धक मोडतात. काही उत्पादक लहान आकाराच्या फ्रेमसाठी वेगळ्या जाडीच्या नळ्या किंवा वेगळी थररचना वापरू लागले आहेत. अती ताठ फ्रेम खडकाळ वळणावर उसळते आणि चाकाची पकड कमी करते, हे ध्यानात आल्यापासून ताठरपणा हाही मर्यादेत ठेवण्याचा गुण मानला जाऊ लागला आहे.

## टिकाऊपणा

### धातूचा थकवा

एका आघाताने फ्रेम तुटण्यापेक्षा लहान लहान आघात असंख्य वेळा होऊन तडा जाणे अधिक वेळा घडते. यास धातूचा थकवा म्हणतात. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद जवळजवळ अमर्याद काळ सहन करू शकते. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. ताण लहान असला तरी पुरेशा वेळा दिल्यास अखेर तडा जातो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला आयुष्य असते आणि ते पुरेसे लांब राहील इतका ताण कमी ठेवणे हे रचनाकाराचे काम असते.

वेल्ड केलेल्या सांध्याचे आयुष्य ताणाच्या साधारण तिसऱ्या किंवा त्याहून मोठ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. सांध्यावरील ताण एक-पंचमांशाने कमी केला, तर आयुष्य जवळपास दुप्पट होते. हेड ट्यूबजवळ वाढवलेले थोडे ग्रॅम फ्रेमला आणखी काही हंगाम देऊ शकतात. वजन घटवण्याच्या स्पर्धेत प्रथम हेच आयुष्य कमी होते आणि नवी फ्रेम हातात घेतल्यावर ते दिसत नाही.

### आघात

कार्बन तंतूंची फ्रेम थकव्याला उत्तम तोंड देते. टोकदार आघात ही तिची दुर्बलता आहे. दगड लागल्यावर बाहेरचा रंग शाबूत दिसला तरी आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, तो दिसतो. तडाही बहुधा हळूहळू वाढतो आणि रंगावर रेघ उमटवतो. कार्बन मात्र इशारा न देता एकदम निकामी होऊ शकते. म्हणून खालच्या नळीच्या तळाशी रबराचे कवच बसवले जाते. कार्बनची दुरुस्ती करणारे तज्ज्ञ खराब थर घासून काढून नवे थर चढवतात. उष्णतेने संस्कारित अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम पुन्हा वेल्ड केल्यास सांध्याचे बल पूर्ववत होत नाही, त्यामुळे तिची दुरुस्ती सहसा केली जात नाही.

### चाचण्या आणि मानके

सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात माउंटन बाइकच्या फ्रेमवर पेडलच्या जागी १,२०० न्यूटन भार १,००,००० वेळा देण्याची आणि पुढच्या आसावर मागेपुढे भार ५०,००० वेळा देण्याची चाचणी आहे. फ्रेमवर २२.५ किलोग्रॅमचे वजन टाकण्याची आघात-चाचणीही आहे. मात्र अधिकृत स्पर्धा आणि कसरती यांसारख्या तीव्र वापरासाठी बनवलेल्या सायकली या मानकाच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या आहेत. केवळ हे मानक पूर्ण केल्याने एखादी फ्रेम डाउनहिलसाठी योग्य ठरत नाही.

ही उणीव काही प्रमाणात एएसटीएम एफ२०४३ या अमेरिकी वर्गीकरणाने भरून निघते. त्यात वापराच्या तीव्रतेनुसार सायकलींचे वर्ग पाडलेले असून डाउनहिल व मोठ्या उड्या यांसाठी ५ क्रमांकाचा वर्ग आहे. अनेक फ्रेमवर हा क्रमांक छापलेला किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. खालच्या वर्गाची हलकी फ्रेम डाउनहिल मार्गावर नेल्यास उत्पादकाची हमी लागू राहत नाही. रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलींसाठी ६.८ किलोग्रॅमची किमान वजनमर्यादा आहे. तशी मर्यादा डाउनहिलमध्ये नसल्याने वजन कोठे थांबवायचे, याची जबाबदारी रचनाकारावरच राहते.

## तपासणी आणि निगा

फ्रेमचे आयुष्य मोठ्या प्रमाणात नियमित तपासणीवर अवलंबून असते. सायकल धुऊन पुसल्यावर चांगल्या उजेडात पुढील जागा पाहाव्यात.

* हेड ट्यूब आणि खालची नळी यांचा सांधा, विशेषतः त्याची खालची बाजू
* शॉकचे दोन्ही आधार आणि त्यांचे बोल्ट
* बॉटम ब्रॅकेटभोवतीचे वेल्ड
* मागच्या दांड्या व चाकाचा आस बसतो ती जागा
* बिजागऱ्यांची बेअरिंग (मागचे चाक धरून आडवे हलवल्यास खडखड जाणवू नये)

रंगावरील केसासारखी रेघ वेल्डच्या कडेला समांतर असल्यास ती तडा समजून सायकल वापरणे थांबवावे. कार्बनच्या नळीवर नाण्याने हलके ठोकत गेल्यास निरोगी भागातून टणक आवाज येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. ही प्राथमिक परीक्षा आहे. शंका आल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. सैल झालेली बिजागरी तशीच वापरल्यास बेअरिंगची खोबण झिजते आणि स्वस्तातला सुटा भाग बदलण्याऐवजी पूर्ण फ्रेम निकामी होते. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच आवळावेत.

वापरलेली फ्रेम विकत घेताना ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. शर्यतीचे संघ आपल्या फ्रेम अनेकदा हंगामागणिक किंवा त्याआधीही बदलतात. त्यामुळे आघाडीच्या स्पर्धकाने वापरलेल्या हलक्या फ्रेमचे यश पाहून तीच फ्रेम सामान्य वापरात पाच-सात वर्षे टिकेल, असा निष्कर्ष काढता येत नाही.

## हेही पाहा

* माउंटन बाइक
* सायकल
* धातूचा थकवा
* कार्बन तंतू
* तरफ